नाव नसलेली पदके: रॉयल एअर फोर्समध्ये लढलेल्या पोलिश आणि चेकोस्लोव्हाक वैमानिकांच्या पदकांचा संग्रह कसा सुरू करावा

दुसऱ्या महायुद्धातील '१९३९-४५ स्टार' हे ब्रिटिश पदक हातात घेऊन उलटे केले, तर मागची बाजू बहुतेक वेळा पूर्ण कोरी दिसते. त्यावर नाव नसते, क्रमांक नसतो आणि पलटणीचा किंवा स्क्वाड्रनचा उल्लेखही नसतो. ते पदक वॉर्सातून रुमानिया आणि फ्रान्समार्गे इंग्लंडला पोहोचलेल्या एखाद्या वैमानिकाचे असू शकते, तसेच कधीही विमानात न बसलेल्या भांडारातील कारकुनाचेही असू शकते. या छंदात नव्याने येणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी समजून घ्यावे. येथे धातू सहज मिळतो. तो कोणाच्या छातीवर होता हे सिद्ध करणे अवघड असते, आणि संग्राहकाचे खरे काम तेच आहे. पुढे सांगितलेला क्रम त्या एका कामासाठी आहे.

मी हा विषय निवडला त्याचे कारण घराजवळचे आहे. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यात मुख्यतः स्त्रिया आणि मुले होती आणि त्यांच्यापैकी अनेकांचे वडील, भाऊ, पती पोलिश सैन्यदलांत लढत होते. ती वसाहत आपल्या मागच्या पिढीने पाहिलेली आहे. पोलिश सैनिकाच्या कागदपत्रांत निकटच्या नातेवाइकाचा पत्ता म्हणून वळिवडेचे नाव आढळले, तर तो कागद मराठी संग्राहकाने डोळ्यांत तेल घालून जपावा, कारण त्याचे मोल दुसऱ्या कोणाला तितके कळणार नाही.

पहिली पायरी: क्षेत्र लहान ठेवावे

'परदेशी वायुदलातील स्वयंसेवक' हा विषय फार मोठा आहे. रॉयल एअर फोर्स या ब्रिटिश वायुदलाच्या ७१, १२१ आणि १३३ या 'ईगल' स्क्वाड्रनमधील अमेरिकन, चीनमध्ये लढलेले अमेरिकन स्वयंसेवक वैमानिक, फ्रेंच, नॉर्वेजियन, बेल्जियन, असे अनेक गट त्यात येतात. सर्व काही थोडेथोडे गोळा करणाऱ्याला कशाचेच नीट ज्ञान होत नाही. मी पोलिश आणि चेकोस्लोव्हाक या दोनच गटांची शिफारस करतो, कारण त्यांच्या नोंदी चांगल्या टिकल्या आहेत आणि दोघांत एक महत्त्वाचा कायदेशीर फरक आहे, जो पदकांवर आणि कागदांवर उमटलेला दिसतो.

ऑगस्ट १९४० च्या करारानुसार पोलिश वायुदल हे स्वतंत्र मित्रराष्ट्राचे दल मानले गेले. ते ब्रिटिश हुकमतीखाली लढले, परंतु त्याची शपथ, त्याचे गरुडचिन्ह आणि त्याचे सन्मान पोलंडचे राहिले. चेकोस्लोव्हाक वैमानिक मात्र रॉयल एअर फोर्सच्या स्वयंसेवक राखीव दलात रीतसर भरती झाले. म्हणून 'परक्या वायुदलातील स्वयंसेवक' हे वर्णन काटेकोरपणे चेकोस्लोव्हाकांनाच लागू पडते. त्यांच्यापैकी अनेकांना त्याआधी फ्रान्समध्ये प्रथम फॉरेन लीजनमध्ये, म्हणजे फ्रेंच सैन्यातील परदेशी नागरिकांच्या दलात, नाव नोंदवावे लागले होते आणि युद्ध सुरू झाल्यावरच फ्रेंच वायुदलात घेतले गेले. त्यामुळे एकाच माणसाच्या पदकांत फ्रेंच, ब्रिटिश आणि चेकोस्लोव्हाक अशी तीन देशांची पदके शेजारीशेजारी दिसणे हे संशयाचे कारण नाही. उलट ते त्याच्या प्रवासाशी जुळते. रात्रीच्या हल्ल्यांसाठी गाजलेला कारेल कुत्तेल्वाशर याच वाटेने फ्रान्सहून इंग्लंडला आला होता. सीमारेषा सरमिसळ करणारी माणसेही आहेत. योसेफ फ्रांतिशेक हा चेक वैमानिक पोलिश ३०३ स्क्वाड्रनमध्ये लढला आणि ८ ऑक्टोबर १९४० रोजी मृत्यू येईपर्यंत त्याच्या नावावर शत्रूची पाडलेली १७ विमाने नोंदली गेली. विटोल्ड उर्बानोविच हा त्याच स्क्वाड्रनचा पोलिश वैमानिक १९४३ मध्ये चीनमध्ये अमेरिकन वायुदलाबरोबर उडाला.

दुसरी पायरी: नियम पाठ करावेत

पदके पाहण्याआधी ती कोणाला, कशासाठी आणि कोणत्या जोडीने मिळत, हे शिकावे. पैसे वाचवणारे ज्ञान हेच आहे, आणि मी ते नुकसान सोसून शिकलो. सुरुवातीच्या काळात मी एका विक्रेत्याकडून एका पोलिश वैमानिकाचा म्हणून पाच पदकांचा गट घेतला: १९३९-४५ स्टार, एअर क्रू युरोप स्टार, फ्रान्स अँड जर्मनी स्टार, डिफेन्स मेडल आणि वॉर मेडल. गट देखणा होता, फिती जुन्या होत्या. तो गट अशक्य आहे, हे मला नंतर कळले. अटलांटिक, एअर क्रू युरोप आणि फ्रान्स अँड जर्मनी या तीन ताऱ्यांपैकी एकच तारा एका माणसाला मिळत असे. दुसऱ्यासाठी पात्र ठरल्यास त्या पहिल्या ताऱ्याच्या फितीवर फक्त एक धातूची पट्टी लावली जाई. कोणीतरी सुटी पदके विकत घेऊन, ओवून, त्यांना एक नाव चिकटवले होते.

म्हणून पुढील गोष्टी लक्षात असाव्यात. एअर क्रू युरोप स्टार हा ब्रिटनमधील तळांवरून युरोपवर केलेल्या उड्डाणांसाठी होता आणि त्याची मुदत ३ सप्टेंबर १९३९ ते ५ जून १९४४ अशी होती. ६ जून १९४४ पासून पुढची कामगिरी फ्रान्स अँड जर्मनी स्टारमध्ये मोजली जाते. १९३९-४५ स्टार आधी मिळाल्याशिवाय एअर क्रू युरोप स्टार मिळत नसे. तेव्हा हा दुसरा तारा एकटाच 'पूर्ण गट' म्हणून दाखवला, तर गट अपुरा आहे. वॉर मेडलला २८ दिवसांची सेवा पुरेशी होती, त्यामुळे ते जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांनाही मोठ्या संख्येने मिळाले.

'बॅटल ऑफ ब्रिटन' (ब्रिटनवरील १९४० ची हवाई लढाई) ही सोनेरी पट्टी १० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४० या काळात फायटर कमांडच्या, म्हणजे लढाऊ विमानांच्या विभागाच्या, मान्यताप्राप्त तुकडीतून किमान एक युद्धउड्डाण केलेल्या विमानकर्मींनाच दिली गेली. ती १९३९-४५ स्टारच्या फितीवर शिवली जाते. असे विमानकर्मी ३,००० पेक्षा थोडे कमी होते. त्यांत १४५ पोलिश आणि ८८ चेकोस्लोव्हाक होते. ही संख्या इतकी लहान आणि नावे इतकी निश्चित आहेत, की पट्टीवरून माणूस ठरवण्याचा प्रश्नच येत नाही. माणसावरून पट्टी ठरवावी. लंडनमध्ये थेम्सकाठी २००५ मध्ये उभारलेल्या स्मारकावर ही नावे कोरलेली आहेत आणि यादी कोणालाही पाहता येते. विक्रेत्याने सांगितलेले नाव त्या यादीत नसेल, तर पट्टी कितीही जुनी दिसली तरी त्या गटात तिला जागा नाही.

शौर्यपदकांत दोन ब्रिटिश पदके वारंवार समोर येतात. अधिकाऱ्यांसाठीचा डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस चांदीचा असतो. त्यावर नाव नसते, परंतु या युद्धातील क्रॉसच्या खालच्या भुजेवर मागे सन्मानाचे वर्ष बहुधा कोरलेले असते. मधोमध दिसणारे १९१८ हे वर्ष पदकाच्या स्थापनेचे आहे. नवशिके ते पाहून हा क्रॉस पहिल्या महायुद्धातला समजतात. इतर हुद्द्यांसाठीच्या डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग मेडलच्या कडेवर मात्र सहसा क्रमांक, हुद्दा आणि नाव असते. दुसऱ्या महायुद्धात क्रॉस २०,००० हून अधिक दिले गेले आणि मेडल ७,००० पेक्षा कमी. दुर्मीळपणा आणि नाव या दोन्ही बाबतींत मेडल वरचढ असल्याने त्याची किंमतही तशीच असते.

पोलिश बाजूला व्हिर्टुटी मिलिटारी हा सर्वोच्च लष्करी सन्मान आहे आणि त्याचा पाचवा वर्ग, म्हणजे रौप्य क्रॉस, वैमानिकांच्या गटांत दिसतो. शौर्य क्रॉस एकाच माणसाला चार वेळांपर्यंत मिळू शके. १९४५ मध्ये लंडनमधील पोलिश निर्वासित सरकारने सुरू केलेले वायुदल पदक जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांकडेही आढळते. चेकोस्लोव्हाक बाजूला १९४० च्या अखेरीस स्थापन झालेला युद्ध क्रॉस १९३९, शौर्यपदक, आणि परदेशातील चेकोस्लोव्हाक सैन्याचे स्मृतिपदक ही नेहमीची त्रयी. स्मृतिपदकाच्या फितीवर सेवा केलेल्या देशाची पट्टी असते; फ्रान्स आणि ब्रिटन अशा दोन्ही पट्ट्या असतील, तर त्या त्याच्या नोंदींशी ताडून पाहाव्यात. यांतील बरेच सन्मान युद्धकाळात लंडनमध्ये घडवले गेले आणि नंतर प्राग व वॉर्सातही घडवले गेले. दोन्ही अस्सल असू शकतात, पण १९४१ मध्ये मिळालेल्या क्रॉसच्या जागी युद्धोत्तर घडणीचा क्रॉस दिसला, तर कारण विचारावे.

तिसरी पायरी: नाव कुठे असते, कुठे नसते

ब्रिटिश सरकारने दुसऱ्या महायुद्धातील मोहिमेची पदके नावाशिवाय दिली. भारत, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया यांनी मात्र आपल्या माणसांच्या पदकांवर नावे उमटवली. भारतीयांच्या ताऱ्यांच्या मागे आणि पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि दल आढळते. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात नाव असलेला तारा मिळाला, तर तो बहुधा अशा भारतीय सैनिकाचा असतो. तो या लेखाच्या विषयात बसणार नाही, पण वितळवणाऱ्याच्या हाती जाऊ देऊ नये.

पहिल्या महायुद्धात परिस्थिती उलट होती. तेव्हाची ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल यांच्या कडेवर नावे असतात. त्या युद्धात मोजके भारतीयही ब्रिटिश वायुदलात वैमानिक झाले. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर २३ स्क्वाड्रनमधून सॉपविथ डॉल्फिन विमान चालवत असत. ३० जून १९१८ रोजी त्यांचा मृत्यू झाला आणि फ्रान्समध्ये हँगार येथे त्यांची कबर आहे. कोलकात्याचे इंद्रलाल रॉय यांनी जुलै १९१८ मध्ये १३ दिवसांत १० विजय नोंदवले आणि २२ जुलैला ते पडले. त्यांना मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. त्या काळी या क्रॉसच्या फितीवरचे पट्टे आडवे होते. तिरपे पट्टे १९१९ मध्ये आले. १९१८ चा क्रॉस तिरप्या फितीवर असेल तर फीत नंतरची आहे, इतकाच त्याचा अर्थ. क्रॉस खोटा ठरत नाही.

चौथी पायरी: नक्कल ओळखणे

मोहिमेच्या ताऱ्यांत एअर क्रू युरोप स्टारला सर्वाधिक मागणी असल्याने नकलाही त्याच्याच सर्वाधिक आहेत. मूळ तारा ठशाने पाडलेला आहे. नक्कल पुष्कळदा ओतीव असते. दहा पट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली राजाच्या आद्याक्षरांच्या कडा आणि वर्तुळातील अक्षरे पाहावीत. ठशाच्या अक्षरांच्या भिंती सरळ आणि कडक असतात. ओतीव अक्षरे साबण झिजल्यासारखी गोलसर दिसतात आणि सपाट भागांत बारीक छिद्रे असतात. तारा साधारण ४४ मिलिमीटर रुंद असतो. एखादा निःसंशय अस्सल, स्वस्त तारा, उदाहरणार्थ १९३९-४५ स्टार, घेऊन ठेवावा आणि पुढच्या प्रत्येक ताऱ्याची जाडी, वजन आणि वरच्या कडीची घडण त्याच्याशी ताडावी. नुसत्या छायाचित्रांवरून शिकण्यापेक्षा ही सवय कितीतरी अधिक उपयोगी पडते.

फितीसाठी अतिनील प्रकाशाची छोटी विजेरी जवळ ठेवावी. युद्धकाळातील सुती धागा त्या प्रकाशात सहसा मंद राहतो, तर नंतरच्या काळातील रंगउजळकयुक्त धागा निळसर पांढरा चमकतो. ही चाचणी फितीचे वय सुचवते; पदकाचे नव्हे. पदके आजही अधिकृतपणे, उशिरा अर्ज केलेल्यांना दिली जातात, त्यामुळे नवी दिसणारी गोष्ट अस्सल असणे आणि जुन्या फितीवर खोटी गोष्ट लटकलेली असणे, दोन्ही शक्य आहे.

पाचवी पायरी: कागद

या छंदातील निम्म्याहून अधिक वेळ येथे जावा, असे माझे ठाम मत आहे. युद्धानंतर पदके आपोआप मिळाली नाहीत; अर्ज करावा लागे. ती पुठ्ठ्याच्या लहान डब्यातून टपालाने येत, डब्यावर नाव आणि पत्ता असे, आत कोणती पदके आहेत हे सांगणारी चिठ्ठी असे. नाव नसलेल्या पदकांना माणसाशी जोडणारा सर्वांत साधा दुवा म्हणजे तो डबा. अनेक विक्रेते तो फाटका म्हणून फेकून देतात. डबा, चिठ्ठी, वेतनपुस्तिका, ओळखपत्र, सन्मानाचे प्रमाणपत्र, यांपैकी काहीही सोबत नसेल, तर नावासाठी एक पैसाही जास्त देऊ नये. तेवढीच किंमत द्यावी जेवढी सुट्या पदकांची होते.

उड्डाणवही मिळाली, तर ती पदकांपेक्षा मोलाची. तिची तपासणी अशी करावी. वहीत प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमानाचा प्रकार, क्रमांक आणि कालावधी असतो, आणि महिन्याच्या शेवटी वरिष्ठांची सही असते. लंडनच्या क्यू भागातील ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात एआयआर २७ या मालिकेत प्रत्येक स्क्वाड्रनची कामकाज नोंदवही आहे. तिचा नमुना ५४० घटनांचा सारांश देतो आणि नमुना ५४१ दर उड्डाणाचे वैमानिक, विमान, निघण्याची व परतण्याची वेळ सांगतो. वहीतील पाचसहा उड्डाणे निवडून नमुना ५४१ शी ताडावीत. सराईत बनावट करणारा प्रसिद्ध चकमकींच्या तारखा जुळवतो. म्हणून मुद्दाम कंटाळवाणे दिवस निवडावेत, जसे की शत्रू न दिसलेली जहाजताफ्याची गस्त. त्या ओळी जुळल्या तर वहीवर विश्वास ठेवायला जागा आहे. चकमकींचे वैयक्तिक अहवाल एआयआर ५० मध्ये, सन्मानाच्या शिफारशी एआयआर २ मध्ये, आणि पहिल्या महायुद्धातील अधिकाऱ्यांच्या सेवानोंदी एआयआर ७६ मध्ये आहेत.

लंडन गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारचे राजपत्र, विनामूल्य शोधता येते, पण परदेशी नागरिकांना दिलेले मानद सन्मान त्यात पुष्कळदा छापले जात नसत. पोलिश वैमानिकाचा क्रॉस गॅझेटात सापडला नाही, म्हणून तो खोटा ठरवू नये. तेथे पोलिश नोंदींकडे वळावे. ब्रिटनमध्ये सेवा केलेल्या सुमारे १७,००० पोलिश वायुसैनिकांची 'क्शिस्टेक यादी' आंतरजालावर आहे. तिच्यात सेवाक्रमांक आणि हुद्दा मिळतो. लंडनच्या पोलिश इन्स्टिट्यूट अँड सिकोर्स्की म्युझियममध्ये स्क्वाड्रनचे कागद आहेत. चेकोस्लोव्हाकांसाठी प्रागचे केंद्रीय लष्करी अभिलेखागार पाहावे. मृतांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची नोंद आणि लंडनजवळ नॉर्थोल्ट येथील पोलिश स्मारकावरील नावे उपयोगी पडतात. शोधताना नावाची सर्व रूपे वापरून पाहावीत, कारण इंग्रज कारकुनांनी पोलिश अक्षरांवरची चिन्हे गाळली आणि स्पेलिंग आपल्या कानाप्रमाणे केले. सेवाक्रमांक मात्र फसवत नाही. तो मिळाला, की शोधाची सुरुवात तिथूनच करावी.

फेब्रुवारी १९४८ च्या साम्यवादी सत्ताबदलानंतर, रॉयल एअर फोर्समध्ये लढलेल्या अनेक चेकोस्लोव्हाकांना सेवेतून काढले गेले आणि काहींना तुरुंगात टाकले गेले. घरात ब्रिटिश पदक सापडणे धोक्याचे झाले. चेक गट अनेकदा अर्धवट का सापडतो, याचे हे दुःखद कारण आहे. अशा गटात गहाळ पदकाच्या जागी दुसरे आणून बसवू नये. रिकामी जागा तशीच राहू द्यावी आणि ती का रिकामी आहे हे शेजारी लिहून ठेवावे.

सहावी पायरी: पहिली खरेदी

पहिली खरेदी प्रसिद्ध वैमानिकाची नसावी. एखाद्या पोलिश यांत्रिकाची डिफेन्स मेडल, वॉर मेडल, वायुदल पदक आणि वेतनपुस्तिका असा गट परवडतो आणि त्यावर शोधाची संपूर्ण पद्धत शिकता येते. ३०३ स्क्वाड्रनने बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये १२६ विमाने पाडल्याचा दावा केला, पण त्या स्क्वाड्रनची हरिकेन विमाने रात्रभर जागून सकाळी पुन्हा उडण्याजोगी करणारी माणसे संग्राहकांनी फार दुर्लक्षिली आहेत.

विक्रेत्याला तीनच प्रश्न लेखी विचारावेत: हा गट कोठून आला, कुटुंबाकडून आला असल्यास केव्हा, आणि त्यातील कोणते पदक बदललेले आहे. उत्तर टाळणाऱ्याशी व्यवहार थांबवावा. लिलावात बोलीच्या रकमेवर लिलावगृहाचा अधिभार, त्यावरील कर, टपाल, विमा आणि भारतात सीमाशुल्क व कर चढतात. म्हणून हा सर्व खर्च आधी मांडून मगच बोलीची मर्यादा ठरवावी आणि ती ओलांडू नये. मोठी लिलावगृहे जुन्या विक्रीचे निकाल आंतरजालावर ठेवतात. त्यांत शोधत असलेला गट आधी वेगळ्या रूपात विकला गेला होता का, हे जरूर पाहावे. पूर्वी तीन पदकांचा असलेला गट आज सहा पदकांचा झाला असेल, तर उत्तर मिळालेच. पार्सलवर किंमत कमी दाखवण्याची सूचना विक्रेत्याने केली, तर नकार द्यावा.

भारतातून बाहेर पाठवताना आणखी एक काळजी हवी. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तूंच्या निर्यातीवर बंधन आहे, आणि पहिल्या महायुद्धातील पदकांनी आता शंभरी ओलांडली आहे. अशी वस्तू परदेशी संग्राहकाला किंवा वैमानिकाच्या कुटुंबाला पाठवण्याचा विचार असेल, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे विचारणा करावी.

सातवी पायरी: जतन आणि नोंद

पदक घासून चकचकीत करू नये. पॉलिश केल्याने ठशाच्या कडा बोथट होतात आणि कडेवरचे नाव फिके पडते. हात धुऊन, सुती हातमोजे घालून कडेने धरावे. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांतून निघणाऱ्या द्रव्यामुळे धातूवर हिरवट चिकट थर येतो. त्याऐवजी पॉलिएस्टरची पाकिटे आणि आम्लरहित कागद वापरावा. ताज्या लाकडाच्या खणातूनही आम्ल वाफा निघतात. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हा काळ फितींना सर्वांत वाईट असतो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल ठेवावे, ते दर पंधरा दिवसांनी वाळवावे आणि कसर लागली आहे का हे पाहावे. जुनी मळकी फीत नव्याने बदलू नये, कारण तिच्यावरील शिवणीची भोके आणि पिनांच्या खुणा हाही पुरावाच आहे.

प्रत्येक गटासाठी एक वही किंवा फाइल करावी. तिच्या पहिल्या पानावर पदक आले तेव्हा सोबत काय होते, हे तारखेसह लिहावे. दुसऱ्या पानापासून स्वतः शोधलेले लिहावे, आणि विक्रेत्याने सांगितलेले परंतु सिद्ध न झालेले वेगळ्या शाईने लिहावे, म्हणजे पंचवीस वर्षांनी ही फाइल हाती येणाऱ्याला दोन्हींत गल्लत होणार नाही. माणसाच्या नावाआधी त्याचा सेवाक्रमांक लिहावा. कुटुंबाचा पत्ता मिळाला तर पत्र पाठवावे, पण पदकाची किंमत किंवा आपली मालकी याविषयी त्यात काही न लिहिता, फक्त त्यांच्या माणसाविषयी आपल्याला काय सापडले तेवढेच कळवावे आणि त्याचे छायाचित्र किंवा आठवण त्यांच्याकडे आहे का, हे विचारावे. उत्तर आले, तर ते पत्र मूळ पाकिटासह त्याच फाइलमध्ये लावावे.